भाऊजींनी देव सोडला तो श्रावण

माझ्या युक्तिवादाने एका माणसाचा देव गेला, असं माझी बहीण फोनवर म्हणत होती. आवाज चिडलेला होता. मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये खिडकीशी उभा राहून ऐकत होतो. ऐकताना माझ्या मनात पहिल्यांदा जे उमटलं तो आनंद होता. क्षणभरच टिकला, पण पहिला आला तो तोच, हे आधी लिहून टाकतो. नाहीतर पुढे मी स्वतःला सोयीचं काहीतरी लिहीन अशी मला भीती आहे.

"तुह्यं ऐकून ऐकून यायनं देव सोडला," ताई म्हणाली. "देव्हाऱ्यात दिवा लावत नाईत. देवळात पाय ठेवत नाईत. च्या सोडला. आन सकाळी उठून आपले कपडे आपनच धुऊन राहिले. हेही तूच शिकोलं का?"

"कपडे धुवायचं मी कशाला शिकवू, ताई?"

"मंग कोन शिकोलं? देव सोडला, च्या सोडला, उद्या मले सोडतीन. ऐक, शेवटच्या सोमवारची कावड आली. मंडळाचे पोट्टे इचारून गेले, हे म्हनतात मी येत नाही. लग्न होऊन या घरात आली तवापासून यायनं खांदा देल्ला नाही असा श्रावन मी पाह्यला नाही. तू बिघडवलं, तूच ये आन नीट कर."

अकोल्याबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यातल्या महादेवाला पूर्णा नदीच्या पाण्याने आंघोळ घालतात. ते पाणी गांधीग्रामहून येतं. गल्लोगल्लीची मंडळं आदल्या दिवशी तिकडे जातात, बांबूंना बांधलेले हंडे भरतात, आणि सजवलेल्या पालखीसोबत ते खांद्यावर वाहत अनवाणी चालत सकाळी गावात येतात. भाऊजी तरुणपणी सगळी वाट चालत. वय झाल्यावर मंडळाने त्यांच्यासाठी गावाच्या वेशीपासून देवळापर्यंतची जागा राखून ठेवली. तिथे एक तरुण बाजूला होतो आणि भाऊजी बांबूखाली खांदा लावतात. दरवर्षी. त्या एका तुकड्यासाठी ते वर्षभर जगतात असं ताई म्हणायची, आणि मी यावर हसायचो.

भाऊजींचा आणि माझा वाद फार जुना आहे. ते एसटीत ड्रायव्हर होते, आणि मी अमरावतीला शिकत असताना त्यांची गाडी अकोल्याहून येऊन आमच्या डेपोत थांबायची. मी हॉस्टेलवरून सायकल मारत जायचो. ताईने पाठवलेला डबा घ्यायचा हे कारण, पण खरं म्हणजे मला वाद घालायला माणूस हवा असायचा. मी नवीनच नास्तिक झालो होतो. कँटीनच्या बाकावर आलुबोंडे मागवून आम्ही देवाचा निकाल लावायला बसायचो.

"मागच्या शिटावर बसेल मानसाले ड्रायव्हर दिसते का?" भाऊजी विचारायचे. "नाही दिसत. म्हनून गाडी आपोआप चालते असं म्हनते का तो?"

"पण भाऊजी, गाडी उशिरा आली की शिव्या ड्रायव्हरला पडतात. दुष्काळ पडला की देवाला कोणी का शिव्या देत नाही?"

"तू कोरडवाहूवाल्याच्या घरी गेला नाही वाटते कधी. तिथी देवालेही देतात शिव्या."

मग कंट्रोलरची शिट्टी वाजायची आणि ते अर्धा आलुबोंडा तोंडात कोंबून उठायचे. "बाकीचं पुढच्या फेरीले, मास्तर." मी तेव्हा मास्तर झालोही नव्हतो. जगण्याला काही हेतू आहे का, याच्यावर त्यांचं एक ठरलेलं उत्तर होतं: "ज्या गाडीवर ड्युटी लागली ते पोचवाची. शेड्यूल आपन बनवलं नाही." मी म्हणायचो, शेड्यूल कोणीच बनवलेलं नाही. तेवढ्यात शिट्टी. आमच्यातलं कोणी कधीच हरलं नाही, कारण गाडी सुटायची.

ते निवृत्त झाल्यावर शिट्टी गेली. मी सुट्टीच्या दिवशी अकोल्याला जायचो, आणि वाद सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालायचा. आता मी गणिताचा मास्तर होतो, अमरावतीला रविवारी सकाळी भरणाऱ्या एका चर्चा मंडळात बोलत होतो, माझ्याजवळ मुद्दे जास्त होते. भाऊजींजवळ तेच जुने होते. या उन्हाळ्यात एका दुपारी त्यांनी फोन करून एकाएकी म्हटलं, "मास्तर, जिकला तू. तुह्यं पटलं मले. नाही कोनी वरतं."

मी त्यांना का, कसं, काय झालं, असं काहीही विचारलं नाही. पुढच्याच रविवारी मंडळात सांगितलं, की सातत्याने संवाद ठेवला तर सश्रद्ध माणूसही बदलतो, माझ्या घरातलं उदाहरण आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना स्कूटरवर मला अस्वस्थ वाटू लागलं, आणि ते वाटणं ताईचा फोन येईपर्यंत गेलं नव्हतं. आपण एखाद्याच्या घरात शिरून त्याची वस्तू उचलून आणली आहे आणि ती आपल्याला नकोच होती, असं काहीसं.

शेवटच्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी मी निघालो. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर बघवेना. मी माझ्याच विरुद्ध मुद्दे तयार करत होतो. देव आहे हे सिद्ध करता येत नाही, ठीक, पण कावड उचलायला ते सिद्ध कशाला व्हायला हवं? माणसं एकत्र चालतात हे काय कमी आहे? मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा मला आवडलेले दोन मुद्दे जमले होते. बोरगाव येईपर्यंत ते मीच खोडून काढले. दुसऱ्याचा देव काढून घेताना माझं मन कधी असं चाललं नव्हतं. तेव्हा सगळं सरळ वाटायचं. परत द्यायला निघालो तर हात रिकामे.

घरी पोचलो तर ताई भगर निवडत बसली होती. "आले का समाजसुधारक," ती म्हणाली, आणि पाण्याचा गिलास पुढे ठेवला. "बसले हायेत तिथी. जा, कर चर्चा."

भाऊजी समोरच्या खोलीत दिवाणावर होते. अंगाने उतरलेले. टीव्ही बंद, कूलर बंद, पेपर घडी न मोडलेला. पूर्वी मी आलो की ते "या, नास्तिकमहाराज" म्हणून ओरडायचे. आता नुसते थोडे सरकले.

"भाऊजी, कावड का नाही म्हणता?"

"तूच त सांगतलं. दगडावर पानी टाकून काय होते?"

"मी तसं... तसं सरळ नव्हतो म्हणालो."

"सरळच म्हनलं तू. याच दिवानावर."

मी म्हटलंच होतं. मग मी माझे मुद्दे काढले. माणसं, सोबत, परंपरा, मनाला येणारी उभारी. भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकेक उडवून लावला. गंमत म्हणजे सगळी वाक्यं माझी होती. सोबतच पाहिजे तर क्रिकेटची टीम काढा. उभारी तर दारूनेही येते. परंपरेनं चालायचं तर सतीही परंपराच होती. मी ही वाक्यं कधी म्हटली, कोणत्या सुरात म्हटली, मला आठवत होतं. शेवटी नाइलाजाने मी त्यांचंच जुनं शस्त्र काढलं.

"मागच्या सीटवरच्याला ड्रायव्हर दिसत नाही, हे तुम्हीच म्हणायचात ना?"

"ड्रायव्हर असता त येखांद्या थांब्यावर उतरून च्या प्याला असता. इतक्या वर्सात कोनाले दिसला का?" ते हसले नाहीत. "आन शेड्यूल कोनी बनवलंच नाही म्हनते तू. मंग मी घरी बसलो त काय चुकलं? सांग."

गणितात अप्रत्यक्ष सिद्धता असते, विधान उलटं धरून तपासायची; ती मी मुलांना शिकवतो. पण आपलंच विधान समोरच्याच्या तोंडून आपल्यावर येतं तेव्हा त्याचं वजन किती असतं, हे मला त्या दुपारी कळलं. आणि मध्येच ते उठून आत जात होते. बोलता बोलता उठायचे, न्हाणीघराचं दार वाजायचं, थोड्या वेळाने परत यायचे. मला वाटलं, ते मला टाळताहेत. ताईने चहा आणला, त्यांनी कप बाजूला सरकवला. मला वाटलं, किती कडक झाला आहे हा माणूस, मोह सोडतो आहे. मी इतका शिकलेला आणि इतका आंधळा, असं आता वाटतं. पण तेव्हा मी फक्त माझ्या विचारांचा परिणाम बघत होतो, माणूस बघतच नव्हतो.

संध्याकाळी मी त्यांना पान खायच्या निमित्ताने बाहेर काढलं. मुद्दाम कावडीच्या मंडळाच्या बाजूने नेलं. तिथे पोरं बांबू बांधत होती, कोणी हंड्यांना रंग देत होतं, डीजेवाला तारा जोडत होता. एकाने हाक मारली, "काका, जागा ठेवेल हाय बरं! उगा भाव खाऊ नका."

"यंदा नाही रे," भाऊजी म्हणाले.

"काऊन? काकूनं सुट्टी नाही देल्ली?"

सगळे हसले. भाऊजीही हसल्यासारखं करून भराभर पुढे चालू लागले. इतके भराभर की मी मागे पडलो. कोपऱ्यावर एका शाळेच्या भिंतीपाशी ते थांबले, भिंतीकडे तोंड करून. मी जवळ गेलो तर ते नुसते उभे होते. पायजमा आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत ओला झाला होता, आणि चपलेजवळ मातीवर डाग पसरत होता.

भाऊजी शाळेच्या पायरीवर बसले, ओलं झाकायला हातातली कापडी पिशवी मांडीवर ठेवली.

"आता पाह्यलं ना," ते म्हणाले. "होळीपासून हे सुरू हाय. धरवत नाही. वेळ सांगून येत नाही. स्टेरिंगवर बसलो त मूर्तिजापूरपर्यंत उतरत नव्हतो मी, मास्तर, कंडक्टर म्हनायचे हा उंट हाय. आन आता देवळाच्या रांगेत उभं राहता येत नाही."

"डॉक्टर?"

"डॉक्टर नळी लावते. आमच्या लाइनीतला एक बुढा पिशवी घेऊन फिरते लुंगीखाली. पाह्यलं मी त्याले."

"मग पोरांना सांगायचं ना, तब्येत बरी नाही म्हणून."

"काय सांगू? देवाचं पानी खांद्यावर आन माह्यं पानी पायावर, असं सांगू?" त्यांचा आवाज एकदम चढला आणि लगेच उतरला. "तब्येत म्हनलं त बायको इचारते काय झालं, पोरगा इचारते काय झालं, शेजारी पपई घेऊन येते. नास्तिक झालो म्हनलं त कोनी काही इचारत नाही. तुह्यावर ढकललं की झालं. तुले काय, तू त आधीच बदनाम."

इथे मला जे वाटलं ते लिहायला नको वाटतं, म्हणूनच लिहितो. मला त्यांची दया आली, ती नंतर. आधी मला वाईट वाटलं, की म्हणजे माझा मुद्दा जिंकलेलाच नव्हता. इतके दिवस मी जो अपराध डोक्यावर घेऊन हिंडत होतो, तोसुद्धा माझा नव्हता. ओल्या पायजम्यातल्या माणसासमोर उभं राहून मी विचारलं, "म्हणजे माझं काहीच पटलं नव्हतं?"

"पटलं ना," भाऊजी म्हणाले. "तुह्यं नेहमीच पटते. पटल्यानं काय होते?"

अंधार पडेपर्यंत आम्ही त्या पायरीवर बसलो, पायजमा वाळावा म्हणून. भाऊजी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणत होते, की देव आहे का नाही ते आता डोक्यातच येत नाही, फक्त असं वाटतं, की या अंगाने त्याच्यापुढे कसं जायचं. मी म्हणालो, देव असेल तर त्याला हे अंग माहीतच असेल. ते म्हणाले, "तू मानत नाही त तू नोको सांगू." बरोबर होतं. माझ्या तोंडून ते उसनं वाटत होतं.

मी ओळखीच्या एका डॉक्टरचं नाव सुचवलं. मग त्यांनी माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या. "मंगळवारी तू म्हनते त्या डॉक्टरकडे येतो. पन तुह्या ताईले सांगू नोको. आन सोमवारी माह्या जागेवर तू खांदा दे. घरची जागा रिकामी नोको राहाले."

"मी? माझा विश्वास नाही, भाऊजी."

"इस्वास ठेव कोन म्हनते? खांदा ठेव."

दोन्ही गोष्टी मी कबूल केल्या. घरी आलो तेव्हा ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भाऊजी सरळ न्हाणीघरात गेले. पाणी ओतल्याचा, कपडे आपटल्याचा आवाज येऊ लागला.

"पाह्य, आता रात्रीही धुनं सुरू झालं," ती म्हणाली. "समजावलं का?"

"ते नाही म्हणतात. पण ताई, त्यांच्या जागी मी खांदा देतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. ताई माझ्याहून बरीच मोठी आहे. आई गेल्यावर तिने मला जेवू घातलं आहे. तिच्या बघण्यापुढे मी अजून लहानच होतो.

"तू मानतं का?"

"ताई, खांद्याला काय..."

"मी खांद्याचं नाही इचारून राहिली. ते देवाचं पानी हाय. त्यायची जागा त्यायच्या भक्तीनं मिळाली, काही सरकारी नोकरी नाही की बापाच्या जागी पोरगं लागलं. तू मानत असशीन त उचल. नाही त तुह्या हातचं मले नोको. एकाचा देव घालोला, आता जागाही घेतं का?"

मला हो म्हणायचं होतं. एवढंसं खोटं. ते बोललो असतो तर ताईला बरं वाटलं असतं, भाऊजींची अब्रू झाकली असती, जागा भरली असती. आणि खरं बोललो असतो तर भाऊजींना दिलेला शब्द मोडला असता. आयुष्यभर सत्य, सत्य म्हणून चर्चा मंडळात बोललो, आणि समोर दोन वाटा आल्या तेव्हा दोन्हीकडे मला कोणालातरी फसवावं लागत होतं. चर्चेत असं कधी होत नाही. चर्चेत माणूस मध्येच पाणी पिऊन येऊ शकतो.

"ताई," मी म्हणालो, "हल्ली माझंही मत थोडं बदललं आहे. मलाही वाटतं, की कोणीतरी..."

न्हाणीघरातला आवाज थांबला.

"त्याले खोटं बोलू देऊ नोको," आतून भाऊजी म्हणाले. "त्याले जमत नाही. मलेच लघवी राह्यत नाही. म्हनून नाही जात मी."

दार बंदच होतं. मी ताईकडे बघायचं टाळलं.

"कवापासून?" ताईने दाराला विचारलं.

"होळीपासून."

"होळीपासून." ताई म्हणाली. "आन मी समजून राहिली, हे कपडे धुनं म्हंजे नवे इचार हायेत. आमच्या मोहल्ल्यात मी सांगून राहिली बायांले, माह्या भावाच्या नादानं यायले स्वावलंबन लागलं म्हनून!" तिचा आवाज फुटला. रडली का हसली, मला ठरवता आलं नाही. "थंड्या पान्यात उभे राहून कपडे धुता, वरतून च्या सोडता, आन मले सांगता देव नाही! देवाले काऊन मंधात आनलं?"

"त्याच्यापुढं असं कसं जावं..."

"का हो, तुमचं पोरगं तुमच्या मांडीवर मुतलं तवा तुमी पूजेवरून उठून गेल्ते का? तसंच घेऊन बसले होते. वरतून म्हनत होते, महादेवाचा परसाद हाय." ती दारापाशी गेली. "उघडा. पायजमा मले द्या. आन बाहेर या, च्या ठेवते."

दार लगेच उघडलं नाही. मी समोरच्या खोलीत जाऊन बसलो. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, आणि जाववतही नव्हतं. थोड्या वेळाने आत कपबशीचा आवाज आला, आणि ताईचा बारीक स्वर, बराच वेळ. त्या बोलण्यात मुद्दा एकही नसावा.

भाऊजी त्या सोमवारीही कावडीत गेले नाहीत. ताईच्या एका वाक्याने शरम गेली, असं काही झालं नाही; तसं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. चारचौघांत बांबूखाली उभं राहायचं म्हटलं की ते उठून आत जात होते. मीही खांदा दिला नाही. ताईने मंडळाच्या पोरांना सांगितलं, यंदा जागा तशीच रिकामी चालू द्या, ते बाजूला उभे राहून पाहतील. कुठे उभं राहायचं तेही तिनेच ठरवलं. पालखीच्या रस्त्याला लागून भाऊजींच्या एका जुन्या कंडक्टरचं घर होतं, आणि त्या घराचं न्हाणीघर दारातच होतं. ती रविवारी जाऊन पाहून आली होती.

सोमवारी सकाळी आम्ही त्या घराच्या ओट्यावर होतो. रस्ता माणसांनी भरलेला. एकामागून एक मंडळं येत होती, ढोलाने ओट्याची फरशी थरथरत होती. ताई उपाशी, हातात बेल आणि फुलं. माझ्या हातात पिशवी, तिच्यात कोरडा पायजमा. भाऊजी टाचा उंचावून आपल्या मंडळाचा झेंडा शोधत होते. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला.

झेंडा दिसला, वळणावर. "आली," ते म्हणाले, आणि त्याच क्षणी त्यांनी माझं मनगट धरलं. मला कळलं. त्यांना घेऊन मी आत धावलो. ते न्हाणीघरात शिरले, कडी लागली. मी बाहेर पिशवी घेऊन उभा. घरात कोणी नव्हतं, सगळे गच्चीवर होते. उघड्या दारातून रस्त्याचा एक चौकोन दिसत होता.

बाहेरून शेकडो गळ्यांचा आवाज आला, "हर्र..."

आणि माझ्या पाठीमागून, बंद दारातून, भाऊजींनी पूर्ण ताकदीने साद दिली, "बोला महादेव!" पत्र्याचं दार थरथरलं.

मग त्यांनी विचारलं, "मास्तर, समोर आली का?"

"येते आहे. दारासमोर आली आता."

"माह्या जागेवर कोन हाय?"

मी उंबऱ्यापर्यंत जाऊन पाहिलं. "कोणी नाही. एका बाजूने पोरं आहेत, मध्ये तेवढी जागा सोडली आहे. वजन मागच्यावर येतं आहे, तो वाकडा चालतो आहे."

"त्याले सांग, कमरेवर नोको घेऊ, खांदा बदल."

मी ओरडून सांगितलं. ढोलात ऐकू गेलं नसावं. ऐकू गेलं नाही असं भाऊजींना सांगितलं, तर आतून शिवी आली. "आन पानी? सांडून राहिलं का?"

"थोडं सांडतं आहे. लोक हात पुढे करून घेत आहेत. ताईनेही घेतलं."

मी दिसेल ते सांगत गेलो. माझ्या मतांचा तिथे प्रश्न नव्हता. दाराआड एक माणूस होता आणि त्याला काही दिसत नव्हतं. इतकी वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो, त्यात मी त्यांना इतकं साधं काही सांगितल्याचं मला आठवेना.

"आन देव?" ते म्हणाले. "पालखीतला? कसा दिसून राहिला?"

मी नीट पाहिलं. हार, गुलाल, वर धरलेली छत्री, मध्ये काहीतरी चमकत होतं.

"फुलांनी पार झाकला आहे, भाऊजी. मला काही दिसत नाही."

"बराबर हाय," ते म्हणाले. मग कडी निघाली, दार बोटभर उघडलं, आणि त्यातून हात बाहेर आला. "दे तो पायजमा. तुही ताई गर्दीत कुठी गेली पाह्य. आन मंगळवारी किती वाजता जाचं हाय ते सांग."